पुडी सोडल्यानंतरचे तीन आठवडे

दारू सोडताना माणसाचे हात थरथरतात, कधी फिट येते, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. गांजा सोडताना काहीच होत नाही, असं मात्र ओढणाराही मानतो आणि त्याच्या घरचेही. व्यसनमुक्तीच्या वाटेवर सगळ्यात महागात पडतो तो हा समज.

समजा, पाथर्डीकडचा तेवीस वर्षांचा मुलगा आहे. नगरला एमआयडीसीत कामाला लागला, दोघा-तिघांत खोली करून राहिला आणि रात्रपाळीनंतर 'झोप चांगली लागते' म्हणून दम मारायला शिकला. आता दिवसातून चार वेळा लागतो. एका रविवारी आईच्या गळ्याची शपथ घेऊन तो बंद करतो. सोमवार बरा जातो. मंगळवारी घाम फुटतो, जेवण जात नाही. बुधवारी रात्रभर डोळा लागत नाही. पहाटे लागला, तर भलतीसलती स्वप्नं पडून दचकून जागा होतो. गुरुवारी भाजीत मीठ कमी पडल्यावरून ताट भिरकावतो. वडील म्हणतात, "सोडला म्हणतो आणि अजून नशेतच आहे हा!" वादावादी होते, हात उगारला जातो. शुक्रवारी तो पुडी आणतो आणि पंधरा मिनिटांत शांत होतो. मग तोही ठरवतो की आपल्याला याच्याशिवाय जमणार नाही, आणि घरचेही ठरवतात की हा सुधारणार नाही.

ते ताट नशेनं भिरकावलेलं नव्हतं. नशा उतरल्यानं भिरकावलं होतं. एवढी एक गोष्ट गुरुवारच्या आधी त्या घराला माहीत असती, तर शुक्रवार वेगळा गेला असता.

शरीरात काय घडतं ते थोडक्यात सांगतो. गांजातलं टीएचसी हे द्रव्य चरबीत साठतं आणि हळूहळू बाहेर पडतं. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत ते शेवटच्या चिलमीनंतर कित्येक आठवडे सापडू शकतं. मेंदूला या बाहेरच्या द्रव्याची सवय झालेली असते, म्हणून ते थांबलं की त्रास सुरू होतो. साधारणपणे पहिल्या एक-दोन दिवसांत सुरुवात होते, पहिल्या आठवड्यात तो सर्वांत जास्त असतो आणि दोन ते तीन आठवड्यांत बराचसा ओसरतो. चिडचिड, घालमेल, उदासपणा, भूक मरणे, झोप उडणे ही मुख्य लक्षणं. काहींना पोटात कळा, डोकेदुखी, कापरं, घाम, थंडी वाजल्यासारखं होतं. झोपेची आणि स्वप्नांची तक्रार महिनाभर किंवा जास्तही रेंगाळते. मानसोपचाराच्या पाठ्यपुस्तकांनी ही लक्षणं आजार म्हणून मान्य केलेली आहेत, ती ढोंग नव्हेत. दुसरी बाजूही सांगायला हवी. नुसता गांजा थांबवल्याने जिवावर बेतत नाही. हा काळ कठीण असतो, पण मोजका असतो.

सवय आणि व्यसन यांतला फरक प्रमाणावरून ठरवू नका. दिवसाची पहिली आठवण कशाची होते? ठरवल्यापेक्षा जास्त ओढला जातो का? थांबवण्याचे प्रयत्न फसलेत का? कामावर खाडे, परीक्षेला दांडी, बायकोशी अबोला असं होऊनही चालूच आहे का? पूर्वी एका पुडीत भागायचं, तिथे आता दोन लागतात का? यांतल्या दोन-तीन प्रश्नांना 'हो' आलं, तर मदत घ्यायची वेळ झाली आहे. गांजा ओढणाऱ्या प्रत्येकाला व्यसन लागतंच असं नाही, बहुतेकांना लागत नाही. पण विशीच्या आत सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण ठळकपणे जास्त असतं. म्हणून अकरावी-बारावीतल्या मुलाच्या बाबतीत 'वय आहे, जाईल' असं म्हणून बसू नये.

आणि हे आपल्याकडेच नवीन उगवलेलं संकट आहे, असंही समजू नका. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यात ज्या जिल्ह्यांत गांजाची सरकारी परवान्याने लागवड होई, त्यांत नगर होता. १८९३-९४ मध्ये सरकारने नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनने देशभरात अकराशेहून अधिक साक्षी घेतल्या होत्या. आज पीक चोरून निघतं, तुरीत, उसात, मक्यात लपवलेलं, आणि बराचसा माल आंध्र-ओडिशाच्या सीमेकडून ट्रकने येतो. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेल्यांची संख्या देशात ३ कोटी १० लाखांच्या आसपास निघाली. त्यांतल्या सुमारे ७२ लाख लोकांना मदतीची गरज असल्याचं तिथे म्हटलं आहे. म्हणजे तुमचं घर एकटं नाही. शेजारचं दारही बहुधा याच कारणाने लोटलेलं असतं.

तारीख ठरवण्याआधी

शपथ घेण्याऐवजी तारीख ठरवा. मढीची यात्रा, चुलतभावाची हळद, गळीत हंगामातली रात्रपाळी असे दिवस टाळा. आठ दिवस तरी कामाचा ताण कमी असेल, घरात एक समजूतदार माणूस असेल, अशी वेळ निवडा. दिवसात बऱ्याच वेळा ओढणाऱ्याने आधी दोन आठवडे कमी करत आणावं: पहिला दम रोज तासा-दोन तासांनी पुढे ढकलायचा, सकाळचा बंद करायचा, एकट्याने ओढणं बंद करायचं. ज्याला टप्प्याटप्प्याने जमत नाही त्याने एकदम थांबवावं. दोन्ही चालतं. चालत नाही ते 'फक्त शनिवारी'. पहिल्या काही महिन्यांत तो शनिवार बुधवारपर्यंत पसरतो.

आदल्या दिवशी चिलीम, साफी, गोगो पेपर, लायटर, उरलेली पुडी सगळं घराबाहेर गेलं पाहिजे. पुरवणाऱ्याचा नंबर मोबाइलमधून काढा, व्हॉट्सअॅपच्या त्या ग्रुपमधून बाहेर पडा. पैसे हल्ली फोनवरून जातात, म्हणून पगाराचा दिवस सर्वांत धोक्याचा. पहिले दोन-तीन महिने पगार बायकोच्या किंवा आईच्या खात्यावर वळवलेला बरा. हे मुलाने स्वतः सुचवलं, तर उत्तम. घरच्यांनी हिसकावून घेतलं, तर तो चोरीच्या वाटा शोधतो.

तंबाखूचं वेगळं सांगावं लागतं, कारण इथे बरेच जण फसतात. आपल्याकडे गांजा सहसा तंबाखूत मिसळून ओढतात. म्हणजे मुलाला एकाच वेळी दोन व्यसनं लागलेली असतात आणि गांजा सोडल्यावर जी तलफ येते तिच्यात निकोटिनचाही वाटा असतो. गांजा सोडून सिगारेट दुप्पट केली, तर हाताला तीच सवय, ओठाला तीच सवय, आणि शेजारी ओढणारा मित्रही तोच राहतो. शक्य असेल तर दोन्ही एकदम सोडा. निकोटिनचं च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळतं, पण त्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

आणखी एक सावधगिरी. मुलगा गांजाबरोबर दारू रोज पीत असेल किंवा 'बटन' म्हणतात त्या झोपेच्या गोळ्या घेत असेल, तर घरच्या घरी काहीही एकदम बंद करू नका. दारू आणि या गोळ्या अचानक तोडल्या, तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. अशा वेळी आधी रुग्णालय.

घरच्यांसाठी

पहिल्या आठवड्यात वाद घालू नका. शेतीचा हिशेब, लग्नाचा विषय, मागच्या वर्षी विकलेल्या शेळ्या, सगळं महिनाभर बाजूला ठेवा. तो चिडला, तर "त्रास होतोय ना, होईल कमी" एवढं म्हणून खोलीबाहेर पडा. भूक नसते, म्हणून बाजरीची भाकरी पुढे सारून 'खा' असा आग्रह करू नका. पातळ पिठलं-भात, मुगाची खिचडी, ताक, केळी, लिंबू-सरबत, थोडं थोडं, चार वेळा. दुपारची झोप टाळा. संध्याकाळी चहा नको. रात्रीच्या जेवणाआधी तासभर चालणं किंवा रानात अंगमेहनतीचं काम झालं, तर झोप लवकर येते. स्वप्नांनी घाबरला, तर ती या काळात पडतातच, हे त्याला आधीच सांगून ठेवा. झोपेसाठी ओळखीच्या मेडिकलमधून गोळी आणून देऊ नका. एक सोडवताना दुसरं लावण्याचा तो हमखास मार्ग आहे. गांजाचं व्यसन सोडवणारं खास मान्यताप्राप्त औषध आजही नाही. डॉक्टर देतात ती औषधं झोप, अस्वस्थता, उदासीनता यांच्यासाठी असतात, आणि मुख्य उपचार समुपदेशनाचा असतो.

यावरून 'न कळत चहातून द्या, आठ दिवसांत सुटका' अशा पुड्यांचा विषय निघतोच. एसटी स्टँडच्या भिंतींवर या जाहिराती असतात. त्या पुडीत काय आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. दारूसाठीचं एक औषध असं चोरून दिलं आणि माणूस वर दारू प्यायला, तर रक्तदाब कोसळू शकतो. शिवाय मुलाला कळलं, की तो घरचा चहाही प्यायचा थांबतो, आणि विश्वास गेलेल्या घरात उपचार होत नाहीत.

तलफ येते ती लाटेसारखी. पंधरा-वीस मिनिटं जोर असतो, मग उतरते. तेवढ्यात काय करायचं ते आधी ठरवलेलं असावं: आंघोळ, कुणाला तरी फोन, विहिरीपर्यंत फेरी. दुसऱ्या आठवड्यानंतर शरीराचा त्रास कमी होतो आणि कंटाळा सुरू होतो. माझ्या मते खरी कसोटी इथे लागते, आणि याच टप्प्यावर घरचे निर्धास्त झालेले असतात. संध्याकाळी सहा ते नऊ हा वेळ पूर्वी कट्ट्यावर जायचा, आता तो मोकळा पडतो. तालीम, क्रिकेट, दुधाच्या डेअरीवरचं काम, अभ्यासिका, काहीही चालेल, पण ते रोज त्याच वेळी असावं. जुन्या मित्रांना "सोडलंय" म्हणून भाषण देत बसण्यापेक्षा "डॉक्टरांची गोळी चालू आहे, चालत नाही" एवढं सांगून सटकणं सोपं जातं. खोटं असलं तरी त्याला मी हरकत घेणार नाही.

धर्माचा आधार घ्यावा का, असं नेवाशाकडचे लोक हमखास विचारतात. माळ घालून सुटलेली माणसं जिल्ह्यात गावोगावी आहेत, आणि त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. माळ घातलेल्याला कुणी आग्रह करत नाही, संध्याकाळच्या हरिपाठाला वेळ बांधला जातो, आणि नव्या लोकांत बसणं-उठणं सुरू होतं. म्हणून माळ जरूर घाला, पण डॉक्टरांकडेही जा. झोप, उदासीनता, भास यांवर माळेचा उपाय नाही. उलट बाजूने शंकराचा प्रसाद किंवा शिर्डीच्या बाबांची चिलीम असे दाखले देऊन ओढणारेही भेटतात. बाबांची चिलीम तंबाखूची होती, एवढं उत्तर पुरे.

मारहाणीबद्दलही बोललं पाहिजे. राळेगणसिद्धीत एके काळी दारू पिणाऱ्याला खांबाला बांधून फटके दिले जात, हे जगजाहीर आहे आणि त्याचं कौतुकही झालं आहे. हिवरे बाजारनेही नशाबंदी केली. गावाने दारूचे गुत्ते बंद केले, तर त्याचा फायदा होतोच, कारण माल सहज मिळणं थांबतं. पण फटक्यांनी तलफ जात नाही. ती लपवायला मात्र माणूस शिकतो. शिवाय गांजाची पुडी खिशात मावते, तिला गुत्ता लागत नाही. ग्रामसभेचा जोर पुरवठ्यावर लावा, मुलावर नको.

कुठे जायचं, काय विचारायचं

पहिला फोन १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर करता येतो. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतून बोलता येतं. घरच्यांनीही करावा, मुलगा तयार नसला तरी. नशामुक्तीसाठी केंद्र सरकारची वेगळी हेल्पलाइन १४४४६ आहे. प्रत्यक्ष तपासणीसाठी नगरच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा. उत्तर भागातल्यांना लोणीचं प्रवरा ग्रामीण रुग्णालय जवळ पडतं, नगरजवळ विळद घाटातही विखे पाटील फाउंडेशनचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. तालुक्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या. बहुतेकांना भरती व्हावं लागत नाही. आठवड्याला एकदा समुपदेशन आणि घरची साथ यांवर भागतं.

भरती लागलीच, तर पुण्याचं मुक्तांगण नगरहून एसटीने तीन-चार तासांवर आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी ते सुरू केलं. अवचटांनी गर्दच्या (ब्राउन शुगरच्या) व्यसनावर लिहिलेली लेखमाला आणि पु. ल. देशपांडे यांची मदत हे त्यामागचं बळ. पुढे ते येरवड्यात आळंदी रस्त्यावर स्थिरावलं. रुग्णाने स्वतः होकार दिलेला असावा, यावर तिथे भर असतो. पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गटही चालतो. मला त्यांची ही दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते, कारण घरातल्या बाईचं कुणी विचारत नाही.

प्रत्येक केंद्र मात्र असं नसतं. दाखल करण्याआधी विचारा: राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, नोंदणी क्रमांक काय? मानसोपचारतज्ज्ञ किती दिवसांनी येतात? मुलाला भेटता-बोलता येईल का? मारहाण, साखळी, कोंडून ठेवणं याला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात जागा नाही. साखळीने बांधायला तर त्यात स्पष्ट मनाई आहे. रात्री गाडी घेऊन येतो, मुलाला उचलून नेतो, असं कुणी सांगितलं, तर तिथून उठा.

पोलिसांची भीती हा मोठा अडसर असतो. उपचारासाठी बाह्यरुग्ण विभागात गेलं म्हणून डॉक्टर पोलिसांना कळवत नाहीत. रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजा ओढणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण त्याच कायद्याच्या ६४-अ कलमात, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात बाळगल्याचा आरोप असलेल्या व्यसनी माणसाने स्वेच्छेने सरकारी किंवा सरकारमान्य रुग्णालयात उपचार घेतले, तर त्याच्यावर खटला चालवू नये अशी तरतूद आहे. अट एकच, उपचार अर्धवट सोडायचे नाहीत. गांजाचं अल्प प्रमाण म्हणजे एक किलोपर्यंत, असं सरकारने ठरवलेलं आहे. मित्रांसाठी पुड्या पोहोचवणाऱ्याने मात्र ६४-अ च्या भरवशावर राहू नये. प्रकरण दाखल झालंच असेल, तर वकिलाला हे कलम आठवण करून द्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागता येतो.

काही लक्षणांत वाट पाहायची नसते. कानात आवाज येणं, घरचेच विष घालतात किंवा कुणी पाळत ठेवतं असा पक्का संशय, एकट्याशीच बोलणं, मरणाची भाषा: यांतलं काही दिसलं, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. वाहनाची सोय नसेल, तर १०८ ला फोन करा. अशा मुलाला बाहेरची बाधा झाली म्हणून देवऋषीकडे नेण्यात आठवडे जातात, आणि उपचाराला उशीर झाला की आजार हट्टी होतो. कुणाच्या घरात स्किझोफ्रेनियाचा इतिहास असेल, तर त्या घरातल्या मुलाने गांजाचा एक दमही धोक्याचा मानावा. आणखी एक कमी माहीत असलेली गोष्ट: वर्षानुवर्षं ओढणाऱ्या काहींना अधूनमधून दिवसचे दिवस उलट्या होतात आणि गरम पाण्याने आंघोळ केली, की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. पोटाच्या डॉक्टरांकडे खेपा घालताना ही गरम पाण्याची खूण आणि गांजाचं सेवन त्यांना सांगा. त्याचा उपाय गांजा बंद करणं हाच आहे.

तीन आठवडे पार पडून दोन महिन्यांनी मुलाने एखाद्या लग्नात पुन्हा ओढला, तर दुसऱ्याच दिवशी समुपदेशकाला कळवा, पुढच्या तारखेची वाट पाहू नका. कुठे ओढला, कोण सोबत होतं, त्याआधी दिवसभर काय झालं होतं, एवढं कागदावर लिहून न्या. रुग्णालयाचा जुना केसपेपर आणि औषधांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत ठेवा. सरकारी रुग्णालयात पुढच्या वेळी डॉक्टर बदललेले असू शकतात, आणि नव्या डॉक्टरांना सुरुवातीपासून सगळं सांगण्यातच मुलाचा धीर सुटतो.